कोटीचे नाणे आणि चिंचेचे पाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जानेवारी २०१३ मधली गोष्ट. न्यूयॉर्कमधल्या एका लिलावात १७९४ सालचा चांदीचा एक डॉलर एक कोटी डॉलरहून थोड्या जास्त किमतीला गेला. आपल्या पैशात तेव्हाचे साधारण चोपन्न कोटी रुपये. एका नाण्याला इतकी किंमत तोपर्यंत जगात कुठेच आली नव्हती. ही बातमी आमच्या मेहकरपर्यंत पोचली आणि त्या आठवड्यात माझ्या दाराची कडी जेवढी वाजली, तेवढी दिवाळीतही वाजत नाही. शाळेत असल्यापासून मी जुनी नाणी जमवतो, हे गावाला ठाऊक आहे. त्यामुळे ज्याच्या घरी जे होते ते घेऊन तो आला.

कुणी बिस्किटाचा डबा आणला, कुणी आजीचा बटवा. भोकाचे पैसे, ढब्बू पैसे, राणी छाप रुपये, ॲल्युमिनियमचे दोन-तीन पैसे, आणि कमळ असलेले वीस पैशांचे पितळी नाणे. या पितळी नाण्यात सोने आहे अशी आवई आमच्या तरुणपणी उठली होती, ती अजून पुरती विझलेली नाही. तीन जणांनी तर रामदरबाराचे चित्र असलेले, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असे लिहिलेले नाणे आणले. श्रोतेहो, तुमच्या देवघरात ते असेल तर खुशाल पूजेत राहू द्या. पण कंपनीने असले नाणे कधी पाडलेच नव्हते. ते देवस्थानाच्या बाजारात विकायला केलेले बिल्ले आहेत.

एका तरुणाने मखमली डबीतून शिवरायांचा सोन्याचा होन काढला. माझ्या छातीत धस्स झाले. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या काळातला हा होन. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. अस्सल होन आज फारच थोडे शिल्लक आहेत. आपला जिल्हा जिजाऊंचा. सिंदखेडराजापासून हाकेच्या अंतरावरच्या कुणा घरात एखादा होन निघणे अगदीच अशक्य नाही, असे क्षणभर वाटून गेले. पण कडेला साच्याची रेघ स्पष्ट दिसत होती. किल्ल्यांच्या पायथ्याशी मिळते तशी ती प्रतिकृती होती. ‘आजोबांच्या पेटीत होता,’ तो म्हणाला. आजोबांनीही कौतुकानेच घेतला असेल. मी सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उतरला, आणि चोपन्न कोटींच्या बातमीचा मला पहिल्यांदा राग आला.

आम्ही जिल्ह्यातले नाण्यांचे वेडे मोजके. घाटावरचे चार, घाटाखालचे तीन. त्या महिन्यात खामगावला एकाच्या घरी जमलो. चर्चेला दुसरा विषय नव्हता. आमच्यातले एक जण बँकेत होते. ते फार खूश. ‘आजवर घरचे म्हणत, मोड गोळा करता. आता कळेल छंद काय असतो ते.’ दुसऱ्यांचे किराणा दुकान. ते मात्र चिडलेले. ‘तीस वर्षे सायकलवर बाजार फिरलो. पाच-दहा रुपयांत शिवराई मिळायची. आता मोडवालाही भाव विचारून मग पोते उघडतो. हा गरिबाचा छंद होता, तो संपला.’ दोघांचेही खरे होते. तिसरे एक वयस्कर गृहस्थ, दवाखान्यात कंपाउंडर होते, ते बराच वेळ गप्प राहून म्हणाले, ‘त्या डॉलरची वंशावळ काय हो?’

हा प्रश्न खरा. कारण किंमत आली ती नाण्याला आली तशीच त्याच्या वंशावळीलाही आली. अमेरिकेची टांकसाळ तेव्हा नवी होती. १५ ऑक्टोबर १७९४ ला तिने आपले पहिले चांदीचे डॉलर बाहेर दिले, ते सारे मिळून १,७५८. त्यातले हे एक. ठसा मारण्याआधी चकती वजनाला कमी भरली, म्हणून तिच्या मधोमध चांदीचा छोटा खिळा ठोकून वजन पुरे केले होते. तो खिळा आजही दिसतो. ठसा इतका सुबक उठलाय, की अगदी पहिला पडलेला डॉलर हाच, असे काही जाणकार मानतात. सगळे मानत नाहीत. हेच नाणे २०१० मध्ये साडेअठ्ठ्याहत्तर लाख डॉलरला विकले गेले होते. पुढे २०२० मध्ये ते पुन्हा लिलावात आले, तेव्हा मालकाला हवी तेवढी बोली लागली नाही आणि ते तसेच परत गेले. दरम्यान विक्रमही मोडला: जून २०२१ मध्ये १९३३ सालचे वीस डॉलरचे सोन्याचे नाणे एक कोटी अठ्ठ्याऐंशी लाख डॉलरला गेले. म्हणजे विक्रमी किंमत ही त्या दिवशी त्या दालनात बसलेल्या दोन माणसांची ईर्षा असते. तिसऱ्याच्या घरातल्या डब्यावर तिचा भाव लावता येत नाही.

वंशावळीवरून आणखी एक हकिकत सांगतो. रोमचा ज्युलियस सीझर इसवी सनापूर्वी ४४ मध्ये १५ मार्चला मारला गेला. मारणाऱ्यांतला ब्रूटस. त्याने पुढे त्या तारखेचे नाव आणि दोन खंजीर असलेले नाणे पाडले. खून केल्याची जाहिरात नाण्यावर करणारा दुसरा कुणी मला माहीत नाही. चांदीची अशी नाणी बरीच आहेत, सोन्याची मोजून दोन-तीन. त्यातले एक ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनला बत्तीस लाख चाळीस हजार पौंडांना गेले. साधारण एकतीस कोटी रुपये. प्राचीन नाण्यांतला तो तेव्हाचा विक्रम. नाणे अस्सल होते, पण त्याचे कागद खोटे निघाले. जुन्या स्विस संग्रहातले म्हणून जे सांगितले ते बनावट होते. न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी ते जप्त केले आणि मार्च २०२३ मध्ये ग्रीसला परत दिले. एकतीस कोटी मोजणाऱ्याच्या हाती नाणे राहिले नाही. कुठून आले, या एका प्रश्नाला खरे उत्तर नव्हते.

आता आपल्याकडे येतो. वाशीम जिल्ह्यात मंगरुळपीर तालुक्यात तऱ्हाळा नावाचे गाव आहे. १९३९ साली तिथे सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला, हजाराहून अधिक नाण्यांचा. सोने नाही, चांदी नाही. तांब्यात कथील आणि शिसे मिसळलेला काळपट धातू, त्याला पोटीन म्हणतात. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती, कडेने अक्षरे. मोडीत घातली असती तर दोन-चार किलो भांड्यांच्या भावात गेली असती. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी ती अक्षरे बसून वाचली. त्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावे निघाली. पुराणांतल्या राजांच्या याद्यांत ही नावे नाहीत. आपल्या शेजारच्या मातीतून दीड-पावणेदोन हजार वर्षांनी राजे बाहेर आले, ते काळपट चकत्यांच्या कडेवरच्या चार अक्षरांमुळे. आणि ती सगळी एकत्र, एकाच ठिकाणची राहिली म्हणून.

यानंतरचे सांगायला मला जड जाते. १९७८ साली मी नुकताच नोकरीला लागलो होतो. आठवडी बाजारात एका मोडवाल्याच्या ताटलीत अकरा काळी नाणी दिसली. हत्ती ओळखू येत होता. मी पाच रुपयांना सगळी घेतली. घरी आलो, चिंचेच्या पाण्यात रात्रभर ठेवली आणि सकाळी राखेने घासली. आईची तांब्याची भांडी तशीच लखलखत, एवढेच शास्त्र मला ठाऊक होते. सकाळी आठ नाण्यांवर हत्ती नव्हता, अक्षरे तर एकावरही नव्हती. धातूवरचा तो काळसर थर म्हणजे घाण नव्हे. कित्येक शतकांत नाणे आणि माती यांनी मिळून केलेले ते आवरण. अक्षरे त्यातच टिकलेली असतात. ते घासले की अक्षरेही जातात. दोन वर्षांनी तऱ्हाळ्याबद्दल वाचले तेव्हा रात्री झोप लागली नाही. आणि घासण्याहून मोठी चूक वेगळीच होती. त्या मोडवाल्याला ती कुठल्या गावाहून मिळाली, हे मी विचारलेच नव्हते. तो पुन्हा त्या बाजारात दिसला नाही. ती अकरा नाणी अजून माझ्याकडे आहेत. चकचकीत आहेत, आणि मुकी आहेत.

म्हणून सांगतो, बातमी वाचून डबा उघडलात तर चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट यांतले काही लावू नका. कोरड्या मऊ कापडावर ठेवा. माळेत ओवायला रुपयाला कडी डाखू नका. कडी डाखली की संग्राहकाच्या लेखी तो चांदीचा तुकडा. चांदीचा म्हणूनही त्याचा मान आहेच, जुन्या रुपयात ११.६६ ग्रॅम वजनात अकरा भाग चांदी आणि एक भाग हीण असे. आमच्याकडे कित्येक घरांतले कलदार मुलीच्या लग्नात आटले आणि त्याचे तोडे झाले. त्यात चूक काही नाही. राणी छाप रुपये लाखोंनी पाडले गेले, त्यातले काही आटले तर इतिहास बुडत नाही.

शेतात सापडलेल्या नाण्याचे मात्र तसे नाही. घाटाखाली संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केले, तेव्हा विटांचा बौद्ध स्तूप आणि दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती उघडी पडली. उत्खननात मणी निघो की नाणे, ते कुठल्या खड्ड्यात, किती खोलीवर, कशाशेजारी होते हे आधी लिहितात, मग वस्तू उचलतात. आपण वखर थांबवून नाणे खिशात टाकतो आणि मग वस्तूचा गाव हरवतो. जिगाव प्रकल्पाच्या पाण्याने भोनच्या त्या जागेची चिंता आधीच वाढवली आहे.

याबाबतचा कायदा १८७८ चा आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला लेखी कळवले पाहिजे. खरा मालक निघाला नाही तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक. सरकारला ठेवा स्वतःकडे ठेवायचा असेल तर द्यायचे किती? त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. आता सांगा, पोटीनच्या चकतीतल्या तांब्या-शिशाची किंमत किती होणार? एकीकडे फोनवर कोटींची बातमी, दुसरीकडे कायद्याने मोडीचा भाव. शेतकरी कलेक्टर कचेरीत जात नाही याचे मला नवल वाटत नाही. कायदा मोडा असे मी म्हणणार नाही, पण हा भाव बदलायला हवा हे मात्र उघड म्हणतो.

या दोन भावांच्या मधल्या जागेत लबाडांनी दुकान मांडले आहे. वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे दहा लाखांना घेतो, अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने फोन केला. आधी नोंदणीचे पंधराशे मागितले, मग कर म्हणून सहा हजार, मग रिझर्व्ह बँकेची परवानगी म्हणून आणखी. हरभऱ्याचे आलेले अठरा हजार गेले. नाणे अजून त्याच्या खिशात आहे, पाच रुपयांचे. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः जाहीर केले, की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि त्यासाठी कुणाला शुल्क घ्यायचा अधिकारही दिलेला नाही. ते निवेदन त्या मुलाने मला फोनवर दाखवले. पैसे गेल्यानंतर.

गेल्या उन्हाळ्यात साखरखेर्ड्याकडचा एक शेतकरी आला. साखरखेर्डा म्हणजे १७२४ साली निजामाने मुबारीजखानाला हरवले ते रणांगण. त्याने धोतराच्या सोग्यातून एक तांब्याचे जाड नाणे काढले. मातीसकट होते, घासलेले नव्हते. मला बरे वाटले.

‘गुरुजी, याचे किती येतीन?’

‘किमतीचं मग पाहू भाऊ. सापडलं कुठं?’

‘वावरात. वखर हाणताना.’

‘कोणत्या वावरात? गट नंबर सांगा.’

तो गप्प झाला. ‘सरकार वावर तर नाही ना घेणार?’

मी कायद्यातले होते तसे सांगितले, वावर घेत नाहीत म्हणून सांगितले. अर्ज लिहून देतो, सोबत तहसीलला येतो, असेही म्हणालो. त्याने गट नंबर सांगितला, विहिरीपासून किती पावलांवर तेही सांगितले. मी एका पाकिटावर सगळे लिहून घेतले, नाण्याचा कागदावर ठसा घेतला. नाणे मात्र त्याने परत सोग्यात बांधले. ‘घरी इचारतो आन् येतो,’ म्हणाला.

तो अजून आलेला नाही. पाकीट माझ्या टेबलाच्या खणात आहे.