परवाना मालकाचा, बेकारी तिची



नृत्यबारचा प्रश्न मुंबई-पनवेलचा आहे, त्याच्याशी सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्याला काय कर्तव्य, असे म्हणून मोकळे होण्याची सोय नाही. २००५ साली ज्या गृहमंत्र्यांनी ह्या बंदीचा ध्यास घेतला ते आर. आर. पाटील तासगाव तालुक्यातील अंजनीचे. ग्रामस्वच्छता अभियान गावोगाव नेणाऱ्या आबांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कायदा जोखायचा तो हेतूवरून नव्हे. तो कुणावर कोसळतो आणि कुणाला वगळतो, हे पाहावे लागते.

त्या वर्षी मुंबई पोलीस अधिनियमात दोन कलमे घालण्यात आली. एका कलमाने बारमधील नृत्यास मनाई केली. दुसऱ्याने तीन वा अधिक तारांकित हॉटेले, जिमखाने व क्लब ह्यांना त्यातून सूट दिली. तेच नृत्य, तेच मद्य; गिऱ्हाईक श्रीमंत असले की अश्लीलता नाहीशी होते, असाच ह्याचा अर्थ! उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये बंदी रद्द ठरवली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हा शासनाने काय करावे? जून २०१४ मध्ये सवलतीचे कलमच काढून टाकून विधिमंडळाने एकमताने सरसकट बंदी घातली. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिलाही स्थगिती मिळाली.

त्यानंतर आला २०१६ चा कायदा. रूप बंदीचे नव्हे, परवान्याचे. शाळा व प्रार्थनास्थळापासून एक किलोमीटर अंतर, नृत्याच्या दालनात मद्य नाही, मध्ये आडभिंत, आत कॅमेरे. दाट वस्तीच्या शहरात शाळा आणि देऊळ दोन्हींपासून किलोमीटरभर दूर अशी जागा शोधून दाखवावी! बंदी मागच्या दाराने परत आली होती. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्या अटी रद्द केल्या. सायंकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ आणि नोटा उधळण्यावरील मनाई मात्र कायम ठेवली.

ह्या चौदा वर्षांच्या झगड्यात एक गोष्ट नजरेआड झाली. २००५ मध्ये बंदी आली तेव्हा मालकाचा दारूचा परवाना शाबूत राहिला. गेली ती नाचणारीची रोजी. त्या स्त्रियांपैकी अनेकजणी परंपरेने नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींतल्या. त्यांच्या संघटनाही न्यायालयात गेल्या. पण परवान्यावर नाव मालकाचे, म्हणून सौदाही मालकाशीच.

स्थानिक जनतेने निर्णय घ्यावा, हे तत्त्व समाजवाद्यांना परके नाही. प्रतिसरकारच्या ह्या भूमीत तर मुळीच नाही. दारूच्या दुकानाबाबत २००८ च्या आदेशाने तसा अधिकार दिलाही आहे: गावातील वा वॉर्डातील पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान घ्यायचे आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी बाटली आडवी केली तर दुकान बंद. ही चळवळ पक्षाने गावोगाव नेलीच पाहिजे. मात्र हेच मतदान नाचगाण्याच्या जागांना जसेच्या तसे लावा, अशी मागणी कुठे कुठे होते. तिथे थबकावे लागते. दुकान बंद झाले तर परवानाधारक दुसरा धंदा करील. कोल्हाटी समाजातील बारीवालीला गावाने मताधिक्याने हाकलले तर ती जाणार कुठे? त्या मतपेटीत तिचे मत कितीसे?

तमाशाला नावे ठेवणाऱ्यांना ह्या जिल्ह्याने उत्तरे दिली आहेत. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, काळू-बाळू कवलापूरचे. सरकारी नियमांनी मात्र कॅबरे, मेळा आणि तमाशा एकाच दावणीला बांधले.

सांगलीतच १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषद काम करते आहे. तिचा आग्रह साधा आहे: आमच्याविषयी ठरवताना आम्हाला विचारा, छापा घालून केलेली ‘सुटका’ आम्हाला नको. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही ह्या स्त्रियांशी पोलिसांनी सन्मानाने वागावे, असे निर्देश दिले.

तेव्हा परवान्याचा अर्ज येईल तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. दारू इथे हवी की नको, हे वस्तीतील स्त्रियांनी मतदानाने ठरवावे. नाचणारीला लेखी करार, वेळेवर मेहनताना, रात्री सुखरूप घरी पोचवण्याची सोय आणि जागा बंद झाल्यास पर्यायी रोजगार मिळणार की नाही, हे तिच्या संघटनेला समोर बसवून ठरवावे. पहिल्या प्रश्नावर मोर्चे पुष्कळ निघाले आहेत. दुसऱ्यावर निघालेला मोर्चा कुणी पाहिला आहे काय?