एका जॅकच्या पेटंटाची परीक्षा
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी 'उद्योग आणि संशोधन' या विषयावर बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. विषय फार मोठा आणि आमचा अधिकार फार लहान. आम्ही कोल्हापुरास उद्यमनगरात लेथ आणि प्रेस चालविणारी माणसे. व्यासपीठापेक्षा कारखान्याचा उंबरठा आमच्या अधिक परिचयाचा. म्हणून त्या मोठ्या विषयातील जो एक तुकडा आमच्या हातून गेला, तेवढाच येथे निवेदन करतो. आम्ही तयार केलेल्या एका जॅकच्या पेटंटाची परीक्षा कशी झाली आणि तीत आमचा पराभव कसा झाला, ही ती हकीकत. त्या पराभवात आपल्या या स्मरणिकेचाही थोडा वाटा आहे. तो कसा, ते यथाक्रम येईलच.

मोटारीचे चाक पंक्चर झाले म्हणजे स्टेपनीबरोबर डिकीतून जो घडीचा जॅक निघतो, तो बहुतेकांनी पाहिला असेल. चार पट्ट्या पिनांनी जोडून शंकरपाळ्यासारखी आकृती केलेली असते आणि तिच्या दोन बाजूंच्या कोनांमधून एक लांब स्क्रू आडवा जातो. हँडल फिरविले की बाजूचे कोन जवळ येतात, शंकरपाळे उभे होते आणि वरचे बैठक-पान गाडी उचलते. कात्रीसारखी हालचाल, म्हणून यास कात्री जॅक म्हणतात. पट्ट्यांच्या टोकांना दाते पाडलेले असतात; ते एकमेकांत अडकून दोन्ही बाजू सारख्या उचलल्या जातात. स्क्रूचे आटे इतके निजते ठेवलेले असतात की हँडल सोडून दिले तरी गाडीच्या भाराने स्क्रू उलटा फिरत नाही.

या यंत्राची अडचण आरंभीच्या फेऱ्यांत असते. पट्ट्या जमिनीशी १५ अंशांचा कोन करीत असताना जॅकवर ४०० किलोंचा भार आला, तर स्क्रूवर सुमारे १,५०० किलोंचा ताण पडतो. पट्ट्या ४५ अंशांवर आल्या की तोच ताण ४०० किलोंवर येतो. म्हणजे जॅक जितका निजलेला, तितका घाम अधिक. आमच्या भागात उसाच्या हंगामात गाड्या कच्च्या रस्त्यावर बंद पडतात. तेथे दुसरी अडचण ओढवते ती तळाची. माती एका अंगास खचते, जॅक कलतो, आणि चालक मात्र मान खाली घालून हँडल फिरवीतच राहतो. अशा वेळी गाडी घसरून माणसाचा हात सापडल्याचे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्या दिवसापासून हा विषय आमच्या डोक्यातून गेला नाही.

आम्ही चार गोष्टी केल्या. आकड्याच्या हँडलाऐवजी पाना बसेल असे षट्कोनी डोके स्क्रूला दिले. स्क्रूच्या टेकणीत बेअरिंग घातले. तळ रुंद करून त्यास खाली धारा दिल्या. आणि चौथी गोष्ट म्हणजे तळाजवळ एक लहानसे लोलक टांगले. जॅक सरळ असेपर्यंत लोलक स्वस्थ राही. जॅक ठरावीक मर्यादेपलीकडे कलला की लोलक बाजूला झुकून एक खटका स्क्रूवरील दातेरी चाकात ढकली. मग गाडी खाली घेता येई, वर मात्र चढविता येत नसे. आमच्या मनाने पहिल्या तीन गोष्टींचे महत्त्व फार होते, कारण त्यांवर खर्च आणि मेहनत अधिक झाली होती. लोलक म्हणजे एका दुपारचा खेळ!

डिसेंबर २०१६ च्या संमेलनात आम्ही हा जॅक मांडला. आपण सर्वांनी कौतुक केले, शाल घातली, आणि जानेवारी २०१७ च्या स्मरणिकेत त्याचे छायाचित्र व लोलकाचे वर्णन करणाऱ्या आठ-दहा ओळी छापून आल्या. त्या ओळी आमच्याच हातच्या होत्या. पुढे एका स्नेह्याने सुचविल्यावरून ऑक्टोबर २०१७ मध्ये आम्ही पेटंटासाठी, म्हणजे शासकीय मराठीत ज्यास एकस्व म्हणतात त्यासाठी, मुंबईच्या कार्यालयात अर्ज दाखल केला. अर्जाचे शुल्क एकट्या व्यक्तीस १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या मागणीचे ४,००० रुपये. खर्चाच्या भीतीने जे मागे राहतात त्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत. अर्थात अर्ज लिहून देणाऱ्या जाणकाराचे मानधन वेगळे.

अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि त्यानंतर तो परीक्षकाच्या हाती पडतो. परीक्षक म्हणजे अडवणूक करणारा कारकून, अशी आमची समजूत होती. पहिला परीक्षण-अहवाल वाचला आणि ती पार नाहीशी झाली. जगातील उचलण्याच्या यंत्रांची पेटंटे 'बी ६६ एफ' या वर्गात लावून ठेवलेली असतात. त्या वर्गातून परीक्षकाने परदेशांतील जुनी कागदपत्रे काढून आमच्या एकेका दाव्यासमोर ठेवली होती. षट्कोनी डोके एका कागदात, बेअरिंग दुसऱ्यात, धारांचा तळ तिसऱ्यात. काही आकृत्या तर आमच्याच कारखान्यात काढल्यासारख्या दिसत होत्या. ज्या गोष्टीसाठी आम्ही रात्री जागविल्या, ती कोणी परका मनुष्य आमच्या जन्मापूर्वीच करून मोकळा झालेला पाहून मनास काय वाटते, ते येथील कारागीर बंधूंस सांगावयास नको.

आम्ही म्हटले, सुटे भाग जुने असतील, पण ते एकत्र कोणी आणले? त्याचे उत्तरही अहवालात होते. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मधील (फ) या पोटकलमाप्रमाणे, माहीत असलेली साधने नुसती शेजारी-शेजारी मांडली आणि प्रत्येक साधन पूर्वीप्रमाणे आपापले काम स्वतंत्रपणे करीत राहिले, तर त्यास शोध म्हणत नाहीत. बेअरिंगमुळे तळास काही नवे सामर्थ्य येत नाही, तळामुळे षट्कोनी डोक्यास येत नाही. एका ताटात वाढलेले चार पदार्थ म्हणजे नवे पक्वान्न नव्हे.

येथे थोडे विषयांतर करून मिर्झापूरची एक हकीकत सांगतो, कारण ती आपल्यासारख्याच कारागिरांची आहे. तेथे पितळेची भांडी लेथवर चढवून खरडीत व उजळीत. उथळ ताटल्या लाखेसारख्या चिकट पदार्थाने किंवा जबड्यात धरून बसवीत. त्या कधी कधी उडून कामगारास लागत. हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या पेढीच्या एका भागीदाराने भांडे समोरून दाबून धरणारी योजना केली आणि तिला १३ डिसेंबर १९५१ या तारखेचे, ४६३६८ क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्याच गावच्या बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या पेढीने तशीच रीत वापरली म्हणून १९५३ मध्ये दावा गुदरला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केले, खंडपीठाने ते पुन्हा कायम केले, आणि अखेर १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दच ठरविले. तोपर्यंत पेटंटाची मुदतही केव्हाच संपून गेली होती. दोन्ही पेढ्यांनी वकिलांवर काय खर्च केला असेल तो असो. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की, जुन्या वस्तूत केलेली सुधारणा कारखान्यातील नेहमीच्या हुन्नरापलीकडे गेली पाहिजे. त्या धंद्यातील जाणत्या मनुष्यास जे सहज सुचले असते, त्यावर एकट्याची मालकी मागता येत नाही. शिवाय पेटंट मंजूर झाले म्हणजे ते वैध ठरले, अशी शाश्वतीही नसते.

हा निर्णय प्रथम वाचला तेव्हा आम्हांस राग आला. कामगाराची बोटे वाचविणारी योजना, आणि तिला शोध म्हणावयाचे नाही? परंतु पुढे उमज पडली. परीक्षक आपल्या कामाची प्रत उणी लेखीत नसतो. तो विचारतो ते एवढेच की, हे पूर्वी होते काय, आणि नसल्यास धंद्यातील कोणाही शहाण्या माणसाने ते केलेच असते काय. आपल्या ज्ञातीत भाता-ऐरणीच्या काळापासून प्रत्येक जण रोज काहीतरी सुधारतोच. त्या प्रत्येक सुधारणेवर सरकारी शिक्का बसू लागला, तर शेजारच्या भावाला आपला हातोडाही उचलता येणार नाही.

असो. अहवालात एक वाक्य आमच्या बाजूचे होते. लोलक व खटका यांची योजना सापडलेल्या कोणत्याही कागदात नाही, आणि तीत लोलक, खटका व स्क्रू हे एकमेकांवर अवलंबून काम करतात, असे परीक्षकाने स्वच्छ लिहिले होते. एका दुपारचा खेळच तेवढा शोध ठरला! उत्तरास सहा महिन्यांची मुदत असते. तीत आम्ही पहिले तीन दावे सोडून दिले आणि लोलकाचा एकच दावा नीट बांधून पाठविला. घरात पेढे वाटले गेले. ते थोडे लवकरच वाटले गेले.

पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही मनुष्य कलम २५ खाली विरोध नोंदवू शकतो. एका कारखानदाराने तो नोंदविला, आणि पुराव्यादाखल जोडले काय, तर आपल्या स्मरणिकेचे पान! जाहिरातदारांस आपण भेटप्रती पाठवितो, त्यांतील एक त्यांच्याकडे गेलेली होती. छायाचित्रात लोलक दिसत होता, ओळींत त्याचे कार्य सांगितलेले होते, आणि अंकावर जानेवारी २०१७ हा महिना होता; अर्ज त्यानंतर नऊ महिन्यांचा. कारखानदाराने यात गैर काही केले असे आम्ही म्हणत नाही. कायद्याने दिलेले दार त्यांनी उघडले.

आमचे चिरंजीव अभियंता आहेत. अमेरिकेत संशोधकाने स्वतः केलेल्या प्रसिद्धीनंतर अर्जासाठी एक वर्षाची मोकळीक असते, हे त्यांनी वाचले होते आणि त्यावरून आम्हांस निश्चिंत राहावयास सांगितले होते. आपल्याकडे अशी सरसकट मोकळीक नाही. कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे खरी; पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनास, किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेल्या अथवा तिच्या नियतकालिकात छापलेल्या निबंधास. सुनावणीत आमच्या वतीने असे मांडून पाहिले की आमचे मंडळही एक प्रकारची विद्वत्सभाच आहे. नियंत्रकसाहेब सौजन्याने हसले. वधूवर-सूची आणि हळदीकुंकवाचा वृत्तांत याच अंकात असल्याचे त्यांनी पाहिले होते. संमतीवाचून कोणी छापले असते तर कलम २९ चा आधार मिळता. पण मजकूर आमच्याच हातचा. २०२१ मध्ये अर्ज नामंजूर झाला. निर्णयात आम्हांस चूक काढता आली नाही, म्हणून अपील केले नाही.

कोणी विचारतील, मग डिझाइनची नोंदणी का नाही केली? ती केवळ डोळ्यांस दिसणाऱ्या रूपाची असते. यंत्राच्या क्रियेस तिचे संरक्षण नाही, आणि तीसही आधीची प्रसिद्धी चालत नाही. करावयास हवे होते ते फार सोपे होते. कल्पना ठरताच तात्पुरते तपशीलपत्र दाखल करावयाचे. त्याने तारीख हाती येते आणि पूर्ण तपशीलपत्रासाठी बारा महिने मिळतात. त्यानंतर संमेलनात जॅक मांडला असता, शाल घेतली असती, छायाचित्र छापले असते, तरी काही बिघडले नसते. सारा प्रश्न शाल आधी की अर्ज आधी, एवढाच होता.

लोलकाचा जॅक आम्ही आजही करतो. इतरही करतात, आणि त्यांस तो अधिकार आहे. कलत्या जॅकखाली कोणाचा हात सापडणार नसेल, तर त्याचे आम्हांस दुःख नाही. दुःख आहे ते हे की, त्या पेटंटाच्या आधारावर जी दोन यंत्रे घेण्याचा बेत होता आणि ज्यांवर आपल्याच चार मुलांना काम मिळाले असते, ती यंत्रे आली नाहीत.

संपादक मंडळास आमची विनंती आहे की, 'आमचे कल्पक बंधू' या सदरात कोणाचेही यंत्र छापण्यापूर्वी अर्जाची तारीख विचारावी. यंदा एका तरुणाने आपल्या यंत्राची दोन छायाचित्रे व टिपण या सदरासाठी पाठविले होते. संपादकांनी ते आम्हांस दाखविले आणि आम्ही ते पाकीट परत त्याच्या हाती ठेवले. मुलगा प्रथम हिरमुसला; त्याच्या आईस तर आम्ही मत्सरी वाटलो असू. त्याचा अर्ज गेल्या महिन्यात दाखल झाला. छपाईची वेळ निघून गेल्यामुळे त्या पानावर यंदा जाहिरात आहे. यंत्र कशाचे, ते आम्ही आज सांगत नाही.