तुरट दाणा आणि कोंबडीचे पोट



हिरडा चघळला की काय होते हे तुम्हांला सांगायला नको. जीभ आक्रसते, तोंड कोरडे पडते. हिरड्यात टॅनिन नावाचे द्रव्य असते, ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसते आणि लाळेचा ओलसर बुळबुळीतपणा जातो. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात, तेही याच गुणामुळे. हा तुरटपणा ब्रॉयलर कोंबडीच्या खाद्यात शिरला तर काय होते, ते आज पाहू.

पनवेलकडच्या मंडळींना हा विषय जवळचा वाटेल. मुंबईचा बाजार हाकेच्या अंतरावर, तेव्हा पक्षी विकण्याची चिंता कमी. खरी चिंता खाद्याची. एकूण खर्चापैकी दोन-तृतीयांश तरी त्यावरच जातो. करारावर पक्षी वाढवणाऱ्याला तयार खाद्य मिळते. पण जो घरी खाद्य कालवतो, त्याचे सारे लक्ष मक्याच्या भावाकडे. त्यात २०२३-२४ पासून मक्याचे इथेनॉल करण्याचे प्रमाण वाढले आहे. मग मनात येते, थोडी लाल ज्वारी घालावी का? वरकस जमिनीतली नाचणी? उन्हाळ्यात आंब्याच्या कोयींचे ढीग फुकट पडलेले असतात, त्यांतला गर दळून घालावा का? विचार वाईट नाही. मात्र या तिन्हींत टॅनिन असू शकते.

कोंबडीला दात नाहीत. खाटकाकडे कलेजीबरोबर पेठा मिळतो ना, तोच तिचे जाते. तिथे दाणा भरडला की टॅनिन मोकळे होते आणि प्रथिनांना चिकटते. सोयापेंडीतल्या प्रथिनांना तर धरतेच, शिवाय अन्न पचवणाऱ्या पाचक रसांनाही धरते, कारण तीही प्रथिनेच. म्हणजे शिजवायचे धान्यही अडले आणि चूलही विझली! महागाची सोयापेंड न पचता विष्ठेतून भाताच्या तुसावर पडते आणि शेडमध्ये डोळे चुरचुरणारा वास वाढतो. खाद्यात शेकडा अर्धा ते दोन भाग टॅनिन असले तरी वाढ खुंटते; त्याहून पुष्कळ जास्त झाले तर पक्षी दगावतात. काही पिल्लांचे पाय फेंगडे होतात. ब्रॉयलरचे सारे आयुष्य ३५ ते ४२ दिवसांचे. तेवढ्यात दोन किलोच्या आसपास वजन व्हायचे असते. पहिला पंधरवडा वाया गेला, तर तो भरून काढायला पुढे दिवसच उरत नाहीत.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लाल दाणा म्हणजे टॅनिन, असे नाही. ते सालीखालच्या एका पातळ थरात असते. तो थर काही जातींत असतो, काहींत नसतो. आपल्या मालदांडी ज्वारीला ही भीती जवळजवळ नाही, पण ती भाकरीची ज्वारी. कोंबडीला परवडेल कशी?

शिक्षक मित्रांनो, इथे तुमची मदत हवी. हिरड्याच्या काढ्यात गंजका खिळा टाका, पाणी शाईसारखे काळे होते; मुलांना टॅनिन दाखवायला एवढे पुरे. ज्वारी पारखायची तर हायस्कूलच्या प्रयोगशाळेत कपडे पांढरे करण्याचे ब्लीच आणि थोडा कॉस्टिक सोडा यांत दाणे काही मिनिटे कोमट ठेवा. टॅनिनचे दाणे सबंध काळे पडतात, बाकीचे पांढुरके राहतात. त्यांच्या फक्त अंकुराकडची बाजू काळवंडते. हे द्रावण हात भाजते, तेव्हा हे काम शिक्षकांनीच करावे आणि ते दाणे कोंबड्यांना घालू नयेत.

टॅनिनचे धान्य पदरी पडलेच तर? युगांडातले डोंगरी शेतकरी ज्वारी लाकडाच्या राखेच्या पाण्यात भिजवून मोड आणतात. राखेतल्या क्षारांनी टॅनिन कमी होते. नंतर धान्य धुऊन कडक वाळवावे लागते. आपल्याकडे पावसाळ्यात हे जमणे कठीण. बुरशी लागली तर टॅनिन बरे म्हणायची पाळी येईल. कोयीचा गर उकळून पाणी फेकले तर त्याचाही तुरटपणा पुष्कळ उतरतो. खाद्यात मेथिओनिन वाढवल्याने थोडा फरक पडतो, पण त्यालाही पैसे पडतात.

म्हणून नवे धान्य सगळ्या शेडला एकदम घालू नका. लहान पिल्लांना तर नकोच. तीन आठवड्यांचे वीस पक्षी एका खणात वेगळे काढा. शेजारच्या खणात नेहमीच्या खाद्यावरचे वीस ठेवा. दोन्ही खणांत किती खाद्य गेले ते रोज वहीत लिहा, आणि दर रविवारी सकाळी खाद्य घालण्यापूर्वी दोन्हीकडचे पक्षी तराजूवर चढवा.