जुने यंत्र, नवी बॅटरी



आज मी तुम्हाला एका बॅटरीची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट आमच्याच घरची आहे.

माझा धाकटा भाऊ सुतारकाम करतो. आमच्या वडिलांनी जन्मभर हाताच्या गिरमिटाने भोके पाडली. भावाने मात्र एक जुने ड्रिल मशीन विकत घेतले. ते बॅटरीवर चालते. वायर ओढायला नको, वीज गेली म्हणून खोळंबा नको. काम झपाट्याने होऊ लागले.

दोन वर्षांनी बॅटरी थकली. चार भोके पाडली की यंत्र बसायचे. भाऊ तालुक्याला गेला. दुकानदार म्हणाला, "तसली आता मिळत नाही. ही नवी घ्या. हीसुद्धा १८ व्होल्टचीच आहे." घरी येऊन पाहतो तर बॅटरी बसेना! भावाने कानस घेतली, खाच घासली आणि बॅटरी दाबून बसवली. रात्री ती जुन्याच चार्जरवर लावून तो झोपला.

पहाटे आईला जळका वास आला. बॅटरी तापून फुगली होती. शेजारीच भुसा आणि फळ्या. भावाने आधी वीज बंद केली. आईने मुलांना बाहेर नेले. बॅटरी आपोआप निवली, म्हणून निभावले. घर वाचले, पण कष्टाचे पैसे गेले.

मग चूक कुठे झाली?

बॅटरीच्या पोटात लहान लहान सेल असतात. जुन्या बॅटरीतले सेल निकेल-कॅडमियमचे. एका सेलचे १.२ व्होल्ट. असे १५ सेल जोडले की १८ व्होल्ट होतात. नव्या बॅटरीतले सेल लिथियमचे. एकाचे ३.६ व्होल्ट. असे ५ जोडले की तेही १८च. पंधरा लहान पायऱ्या चढा, की पाच मोठ्या चढा, माळा तोच. पण आकडा सारखा म्हणून जात सारखी नव्हे, बरं का!

निकेलच्या बॅटरीला वीज थोडी जास्त गेली, तर ती काही वेळ सोसते. लिथियमला ते सोसत नाही. तिचा एक सेल ४.२ व्होल्टला पोचला की वीज थांबवावी लागते. जुन्या चार्जरला हे ठाऊक नसते. तो वीज देतच राहतो. मग बॅटरी पेटूही शकते. तशीच ती अगदी रिकामी होऊनही चालत नाही. रिकामी होण्याआधी तिला थांबवणारी राखण नव्या यंत्रात किंवा बॅटरीत असते. जुन्या यंत्रात ती नसते.

मग जुने यंत्र फेकून द्यायचे का? नाही. कंपनीने काय सोय केली आहे ते आधी पाहावे. डीवॉल्ट कंपनीने २०११ साली अमेरिकेत २० व्होल्टची नवी बॅटरी आणली. ती जुन्या १८ व्होल्टच्या यंत्रात बसत नाही. पण मध्ये बसवायचा जोड कंपनीनेच काढला. गंमत अशी, की तीच बॅटरी युरोपात १८ व्होल्टची म्हणून विकतात! पूर्ण भरली की २०, काम करताना १८. रायोबी कंपनीने तर १९९६ सालचा साचा अजून बदललेला नाही. तिची नवी लिथियम बॅटरी जुन्या यंत्रात चालते. पण निकेलच्या जुन्या चार्जरवर ती लावायची नाही.

तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवा.

१. बाजारात जाताना जुने यंत्र, बॅटरी आणि चार्जर बरोबर न्या. दुकानातच बसवून पाहा.

२. बॅटरी बसत नसेल तर कानस लावू नका.

३. ज्या जातीची बॅटरी, त्याच जातीचा चार्जर वापरा.

४. मेलेली बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, जाळू नका. कॅडमियम विषारी असते. ते मातीत आणि पाण्यात उतरते. २०२२ च्या सरकारी नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर आहे. दुकानात तशी चौकशी करा.

मंडळी, त्या चार्जरवर सारे लिहिलेले होते. आमच्यापैकी कुणी ते वाचले नाही. आता भाऊ आकडा वाचतो, आणि आकड्याशेजारची अक्षरेही वाचतो. इंग्रजी अक्षर अडले तर शाळेतल्या पोराला विचारतो. विचारण्यात लाज कसली? तुम्हीही आता वाचू लागला आहात. वस्तू घेताना आधी ती वाचा, मग पैसे मोजा.