गोळीचा नेम आणि मनातली धाकधूक
(शताब्दी सप्ताहात हरिपाठानंतर झालेले चिंतन)



शंभर वर्षांत आपल्या दिंडीच्या गाडीवरलं सामान बदललं. पूर्वी औषध म्हणून सुंठ, ओवा, हळद आणि पायाला चोळायचं तेल, एवढंच असायचं. आज पेटी उघडली की नाव लिहिलेल्या पुड्याच पुड्या. कुणाची शुगरची, कुणाची बीपीची, कुणाची थायरॉईडची, तर कुणाचा दम्याचा पंप. आम्ही ही पेटी सांभाळणारे चार-सहा जण. आम्ही डॉक्टर नाही. पण लातूर सुटलं, मुरूड मागं पडलं, बार्शी जवळ आली की काही पुड्या तशाच राहिलेल्या दिसतात. हरिपाठ कुणी चुकवीत नाही, काकडा चुकवीत नाही. गोळीच तेवढी चुकते. का चुकते, त्यावर आज दोन शब्द बोलायचे आहेत.

विसरली म्हणून चुकते असं पुष्कळजण सांगतात. जवळ बसून विचारलं की खरं बाहेर येतं. कुणाला गोळीनं मळमळ होते, कुणाला जुलाब. कुणी म्हणतं, "गोळी घेतली की हात थरथरतो, छातीत धडधड होते, मग रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही." आणि एखादी मावशी पदराआडून सांगते, "लघवीची गोळी आहे बाबा, चालत्या वाटेवर बाईमाणसानं जायचं कुठं?" हे ती कुणाला सांगत नाही. गुपचूप गोळी बंद करते आणि पुढच्या मुक्कामाला तिचा दम लागायला लागतो.

म्हणजे दुखणं एक, औषधाचा त्रास दुसरा आणि मनातली धाकधूक तिसरी. तिघींची गाठ पडते. ती जरा सोडवून बघू.

पहिली गोष्ट. औषधाचा त्रास खोटा नसतो. शुगरच्या मेटफॉर्मिन गोळीनं सुरुवातीला पोट बिघडतं. जेवणासोबत घेतली तर त्रास कमी होतो, बहुतेकांचा काही आठवड्यांत थांबतो. हीच गोळी वर्षानुवर्षं घेतली तर अंगातलं बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि आपण माळकरी, शाकाहारी माणसं, आपल्यात ते आधीच कमी असायचा संभव. मग पायाला मुंग्या येतात आणि आपण म्हणतो, चालून आल्या. अॅम्लोडिपिन नावाच्या बीपीच्या गोळीनं काहींच्या घोट्याला सूज येते. तीही आपण चालण्याच्या खात्यावर टाकतो. दम्याच्या पंपानं थोडा वेळ हात कापतो, धडधड होते. टीबीच्या औषधानं लघवी तांबूस-नारिंगी होते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे. पण आधी कुणी सांगितलं नसेल तर माणूस घाबरून सहा महिन्यांचं औषध दुसऱ्याच महिन्यात सोडतो आणि बरा होत आलेला आजार उलटतो.

काही त्रास मात्र थांबून बघायचे नसतात. टीबीच्या औषधावर डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. कोणत्याही गोळीनं अंगावर चट्टे उठले, तोंड सुजलं, श्वास अडला, तर लगेच १०८ ला फोन. छातीत दुखून घाम फुटला तर "घाबरलाय, पडू द्या जरा" असं कुणी म्हणायचं नाही.

दुसरी गोष्ट. भीती आणि औषधाचा त्रास एकाच दारानं आत येतात. शुगर एकदम उतरली की काय होतं? हातपाय कापतात, दरदरून घाम येतो, छाती धडधडते, काही सुचत नाही. आणि माणूस घाबरला की? अगदी हेच. शुगरची काही औषधं, म्हणजे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी चाललं की शुगर उतरू शकते. म्हणून वाटेत शुगरवाला माणूस थरथरला तर आधी तीन चमचे साखर पाण्यात द्यावी, पंधरा मिनिटं बसवावं, बरं वाटलं की खायला द्यावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ बोलवायची. एकादशीच्या उपवासाला गोळी कशी घ्यायची, हे निघायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं. पांडुरंग उपवास मोजत नाही, भाव मोजतो.

तिसरी गोष्ट. भीती ही भित्र्या माणसाचीच असते असं नाही. आपल्या लातूर-धाराशिवकडच्यांना हे नव्यानं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवा. भूकंपानंतर कितीतरी दिवस धडधाकट माणसं घरात झोपायला तयार नव्हती. पत्रा वाजला तरी दचकून उठत होती. तेव्हा कुणी त्यांना वेडं म्हटलं नाही, कारण सगळ्यांनाच भीती होती. जुनाट आजार हाही घरातला भूकंपच असतो, फरक एवढाच की त्याचे धक्के एकट्यालाच बसतात. माझं काही झालं तर लेकरांचं काय, ही गोळी जन्मभराची का, किडनी जाईल का, हे प्रश्न राहुटीत रात्री एकट्यानं सोसायचे असतात.

किडनीचं म्हणाल तर ताब्यात नसलेली शुगर आणि बीपीच किडनी खराब करतात, गोळी त्यांना आवरण्यासाठी असते. उलट पाय दुखतो म्हणून रोज मुक्कामाला दुकानातून आणून घेतलेली दुखीची गोळी किडनीला आणि बीपीला त्रास देऊ शकते. ती मात्र आपण फुटाण्यासारखी वाटून खातो!

काहींना मनाच्या दुखण्याचीच गोळी चालू असते. तिचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत कधी अस्वस्थता वाढते. "गुण नाही" म्हणून ती मध्येच टाकायची नाही. थांबवायची झाली तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू. स्टेरॉइड आणि बीपीच्या काही गोळ्यांचंही तसंच, एकदम बंद केल्या की जिवावर बेतू शकतं.

कुणी म्हणेल, महाराज, नामावर भरवसा ठेवला की गोळी कशाला? आम्ही म्हणतो, नामानं मन थाऱ्यावर येतं, श्वास संथ होतो, हे आपण रोज अनुभवतो. पण आपल्या संतांनी तळमळ लपवली नाही. आपल्या गोदाकाठच्या गंगाखेडच्या जनाबाई देवाशी भांडल्या, तुकोबांनी मनातली घालमेल अभंगात उघडी केली. देवाला सांगायला ते लाजले नाहीत, तर आपण डॉक्टरला सांगायला का लाजावं? वारी हा नेम आहे, माळ हा नेम आहे. गोळीही नेमच समजा. नेमात अडचण आली तर वारकरी नेम टाकून देत नाही, जाणत्याला विचारतो.

म्हणून या शताब्दी वर्षात दिंडीपुढं चार गोष्टी ठेवतो. निघण्याआधी प्रत्येकानं डॉक्टरांकडं जाऊन गोळ्यांच्या वेळा, उपवास आणि उन्हातलं चालणं यांबद्दल विचारावं. लघवीच्या गोळीची वेळ बदलता येते का, हेही माय-माऊल्यांनी बिनधास्त विचारावं. दुसरं, पडशीत एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर नाव, आजार, गोळ्या आणि घरचा फोन. इन्सुलिन असेल तर ते उन्हात गाडीवर ठेवू नये, मडक्याच्या गारव्यात कोरडं ठेवावं. तिसरं, मुक्कामाला हरिपाठ झाला की शेजारच्याला एकच विचारावं, "गोळी घेतली का, काही त्रास आहे का?" चौथं, कुणाला रात्री भीती दाटली तर त्याला एकटं सोडू नये. जवळ बसावं, पाणी द्यावं, ऐकून घ्यावं. "काही होत नाही" म्हणून त्याचं तोंड बंद करू नये. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. नांदेडला विष्णुपुरीचं आणि लातूरचं सरकारी मेडिकल कॉलेज आपलंच आहे. तिथं मनाचे डॉक्टरही बसतात. तिथं जाण्यात कमीपणा नाही.

दिंडीत पाय दुखणाऱ्याची पडशी दुसरा घेतो. भीतीचं ओझंही तसंच वाटून घेऊ. पेटीतली एकही पुडी भीतीपोटी तशीच राहू नये, एवढंच मागणं पांडुरंगाच्या चरणी.

रामकृष्ण हरी!