देवमाशाचं गोत

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमच्या भोकरदनहून समुद्र फार लांब. आमच्याकडे पाणी म्हणजे केळना नदी, आणि तीही पावसाळा सरला की आटत जाणारी. त्यामुळं शाळेची सहल गणपतीपुळ्याला गेली, तेव्हा वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. किनाऱ्यावर शहाळी विकणाऱ्या एका बाईंनी पोरांना २०२३ च्या दिवाळीतली हकिकत सांगितली. देवमाशाचं तीस-पस्तीस फुटांचं पिल्लू तिथंच वाळूत येऊन अडकलं होतं. वन खात्याची माणसं, मच्छीमार, गावकरी सगळे राबले. अंगावर ओली फडकी टाकली, पाणी मारत राहिले, जेसीबी आणले, भरतीची वेळ साधून बोटीनं ओढून खोल पाण्यात नेलं. इतकं करूनही ते पुन्हा किनाऱ्याकडे वळलं आणि अखेर मेलं.

पोरं गप्प झाली. मग एकानं विचारलं. त्याच्या घरी चार म्हशी आहेत. म्हणाला, "सर, मासा पाण्याबाहेर मरतो हे ठीक. पण परत पाण्यात सोडल्यावर का मेला? आणि त्याची आई कुठं होती?"

आजचं माझं बोलणं या दोन प्रश्नांभोवतीच आहे.

पहिली गोष्ट अशी, की देवमासा हा मासाच नाही. नावानं आपली फसगत केली आहे. माशाला कल्ले असतात, तो पाण्यातला प्राणवायू घेतो. देवमाशाला आपल्यासारखी फुप्फुसं असतात. नाकपुडी डोक्याच्या माथ्यावर असते आणि श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. चित्रांत त्याच्या डोक्यातून कारंजं उडताना दाखवतात. ते पाणी पोटातून येत नाही. थंडीत आपल्या तोंडातून वाफ निघते, तसा तो त्याचा उच्छ्वास असतो. माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते, देवमाशाची वर-खाली. धावत्या कुत्र्याची पाठ कशी वर-खाली वाकते ते आठवा, म्हणजे ही चाल जमिनीवरून आलेली आहे हे ध्यानात येईल. त्याचं रक्त गरम असतं, कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. आणि मादी पिल्लाला जन्म देते, दूध पाजते.

मग याचं गोत कुठलं? श्रोतेहो, ते आपल्या गोठ्यात आहे. गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, पाणघोडा ही सगळी दुभंगलेल्या खुरांची जनावरं. देवमासा याच कुळातला. आज जिवंत असलेल्यांत पाणघोडा हा त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक.

याचा एक मोठा पुरावा आपल्याच देशात सापडला, आणि तोही अपघातानं. ए. रंगा राव नावाचे भारतीय भूवैज्ञानिक होते. त्यांनी काश्मीरच्या बाजूला कालाकोट भागातून जीवाश्म असलेले दगड गोळा केले होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीनं ते दगड हान्स थेविसन या संशोधकांकडे सोपवले. प्रयोगशाळेत दगड साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आतलं कानाचं हाड दिसलं. त्या हाडाची ठेवण तोवर फक्त देवमाशांतच पाहिलेली होती! प्राणी मात्र चार पायांचा, मांजराएवढा, खुरांचा. त्याचं नाव इंडोहायस. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा हा जीव. थेविसन यांनी २००७ साली हे जगापुढं मांडलं. त्याआधी २००० साली सुनील बाजपेयी आणि थेविसन यांनी कच्छमधल्या एका छोट्या, चार पायांच्या प्राचीन देवमाशाचं वर्णन केलं होतं. त्याचं नावच कच्छीसीटस. आपल्या भोकरदनच्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे आपली जमीन लाव्ह्यातून तयार झाली, तेव्हा जगात एकही देवमासा नव्हता.

आजच्या देवमाशांचे दोन मोठे गट आहेत. एक बिनदातांचा, दुसरा दातांचा.

बिनदातांच्या जातींत वरच्या जबड्यातून कंगव्यासारखी झालर लोंबते. आपली नखं आणि केस ज्या द्रव्याचे, त्याचीच ही झालर. तोंड भरून पाणी घ्यायचं, जिभेच्या रेट्यानं ते झालरीतून बाहेर गाळायचं आणि आत अडकलेलं गिळायचं. निळा देवमासा यातला सर्वांत मोठा. लांबी शंभर फुटांच्या घरात आणि वजन दीडशे टनांच्याही वर जाऊ शकतं. पृथ्वीवर इतका अवजड प्राणी दुसरा झाल्याचं ठाऊक नाही. आणि खातो काय, तर बाजारात सुका जवळा मिळतो ना, तसले बोटाएवढे क्रिल नावाचे जीव. पण दिवसाला टनांनी.

हा प्राणी आपल्या कोकणापुढच्या समुद्रातही येतो. २०१५ साली सिंधुदुर्गात कुणकेश्वरजवळ संशोधकांना निळ्या देवमाशाची आई आणि पिल्लू दिसलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर ४२ फुटांचा एक जिवंत निळा देवमासा येऊन पडला. लोकांनी त्याला परत लोटायची शिकस्त केली, पण तो वाचला नाही. आपल्या किनाऱ्यावर आणखी दिसतो तो ब्राइड्स व्हेल, चाळीस-पन्नास फुटांचा. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत जुहूच्या चौपाटीवर एक मेलेला ब्राइड्स वाहून आला होता.

तिसरा हंपबॅक, म्हणजे कुबडवाला. हा गाणारा देवमासा. याचे नर तासन्‌तास सुरांची तीच मालिका पुन्हा पुन्हा म्हणतात. जगातले बाकीचे हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड समुद्रात खायला जातात आणि विण्यासाठी उबदार पाण्यात येतात. अरबी समुद्रातले मात्र कुठंच जात नाहीत. कारण ऐकलंत तर आपलेपणा वाटेल. ज्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची आपण मृगापासून वाट पाहतो, तेच वारे ओमानच्या किनाऱ्यावर समुद्राच्या तळाकडचं थंड, कसदार पाणी वर आणतात. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यावर बारीक मासे, आणि त्या माशांवर हे देवमासे. ज्या वाऱ्यावर आपली कपाशी, तूर आणि सोयाबीन, त्याच वाऱ्यावर त्यांचंही पोट. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ओमानजवळ एका मादीला उपग्रहाशी जोडलेली खूणपट्टी लावली. तिचं नाव लुबान, म्हणजे आपला धुपातला लोबान. ती अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याला आली, दक्षिण टोकापर्यंत गेली आणि परत फिरली.

दातांच्या गटात डॉल्फिन येतात, ज्याला खुनी देवमासा म्हणतात तो ओर्का येतो, आणि येतो स्पर्म व्हेल. हा हजार मीटरच्याही खाली, मिट्ट काळोखात, म्हाकुळांच्या शिकारीला उतरतो आणि तासभर श्वास रोखून राहतो. नाकातून 'टक टक' असा आवाज करायचा आणि त्याच्या पडसादावरून भक्ष्य हुडकायचं, ही त्याची रीत. याच्या माद्या आजी, मावशी, लेक अशा एकत्र कुटुंबात राहतात. आई खोल गेली की वर थांबलेल्या माद्या पिल्लाला सांभाळतात. संकट आलं की पिल्लाला मध्ये घेऊन भोवती कडं करतात.

याच स्पर्म व्हेलमुळं एक वेडही पसरलं आहे. 'व्हेल माशाची उलटी' कोट्यवधींना विकताना टोळी पकडली, अशा बातम्या आपण वाचतो. हा अंबर नावाचा पदार्थ त्याच्या आतड्यात, म्हाकुळांच्या न पचलेल्या चोचींभोवती साचतो. अत्तरासाठी त्याला भाव आला. पण आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो बाळगणं आणि विकणं गुन्हा आहे. झटपट पैशाच्या नादानं कुणी या वाटेला जाऊ नये.

आता त्या मुलाच्या प्रश्नांकडे येऊ. पाण्यात असताना देवमाशाचं वजन पाणी तोलून धरतं. वाळूवर तेच वजन त्याच्या फुप्फुसांवर आणि स्नायूंवर बसतं. चरबीमुळं अंग तापतं. दबलेल्या स्नायूंतली विषारी द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडं बिघडवतात. म्हणून पाण्यात सोडलं, तरी आतून तो खचलेला असतो.

आणि आई? निळ्या देवमाशाची मादी म्हशीसारखीच दहा महिने ते वर्षभर गाभण राहते. दोन-तीन वर्षांतून एकदा, एकच पिल्लू. जन्मतःच ते वीस-बावीस फुटांचं असतं. म्हशीच्या दुधाला डेअरीवर सहा-सातची फॅट लागते. हिच्या दुधाला पस्तीस-चाळीस. सहा-सात महिने पिल्लू त्यावरच वाढतं, दिवसाला नव्वद किलोच्या आसपास. त्याला ओठ नसतात, म्हणून आईच दुधाची धार त्याच्या तोंडात सोडते. अशा पिल्लाची आईपासून ताटातूट झाली, तर आपण त्याला खोल पाण्यात नेऊन सोडू, पण दूध कोण पाजणार?

इतक्या सावकाश वाढणाऱ्या गोताला एकदा धक्का बसला की ते लवकर सावरत नाही. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्याजवळ २४२ हंपबॅक बेकायदा मारले. ही गोष्ट १९९० नंतर उघडकीस आली. पुढं याच शतकात ओमानच्या पाण्यात मोजदाद झाली, तेव्हा अंदाज निघाला अवघ्या ८२ चा. देवमाशांच्या व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदीचा ठराव १९८२ साली झाला. पण माशांची जाळी, जहाजांच्या धडका आणि प्लॅस्टिक यांवर ठरावानं बंदी येत नाही. २०१८ साली इंडोनेशियात मरून आलेल्या एका स्पर्म व्हेलच्या पोटात सहा किलोच्या आसपास प्लॅस्टिक निघालं. त्यात ११५ कप होते, पिशव्या होत्या, आणि पायातल्या दोन चपलाही.

आपण म्हणू, याचा भोकरदनशी काय संबंध? केळना जाफराबादला पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. आठवडी बाजार उठल्यावर नदीपात्रात उडालेली पिशवी पहिल्या पुरात कुठल्या वाटेला लागते, हे नकाशा पाहून मुलांनीच मला सांगितलं.

कोकणात गेलात आणि असा प्राणी किनाऱ्यावर दिसला, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. शेपटीला दोर बांधून ओढू नका. अंग ओलं ठेवा, पण माथ्यावरच्या नाकपुडीत पाणी जाऊ देऊ नका, तिच्यावर फडकं टाकू नका. गर्दी आवरा, आणि त्याच्या अंगाला रेलून फोटो काढू नका.

परतीच्या प्रवासात तो मुलगा बराच वेळ खिडकीशी बसला होता. घाट चढल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हणजे सर, वासरू चुकलं होतं."

मी म्हटलं, "हो रे बाबा, वासरूच."