पदवी आणि पान्हा
(सीमाभागातील विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



उमेदवारी हा शब्द हल्ली निवडणुकीपुरताच उरला आहे. आमच्या वडिलांच्या पिढीत तो वकिलाच्या ओसरीवर, सुताराच्या कामठ्यावर आणि छापखान्याच्या खिळ्यांमध्ये वावरत असे. जाणत्याच्या हाताखाली चार वर्षे राहावे, बोलणी खावीत, आणि एके दिवशी त्याने आपले काम न तपासता पुढे जाऊ द्यावे, याचे नाव उमेदवारी. आज आम्ही याच जुन्या गोष्टीविषयी बोलणार आहोत. फक्त ती आता तंत्रविद्येच्या पदवीला जोडून आली आहे.

सभागृहात येताना दारातच एका गृहस्थांनी आम्हांस गाठले. म्हणाले, "शेतावर कर्ज काढून पोराला इंजिनियर केले, ते काय शिकाऊ म्हणून राबायला?" प्रश्न रास्त आहे व तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण उत्तर देण्यापूर्वी आम्ही त्यांना जरा दूर, भोपाळला नेऊ इच्छितो.

ज्या १ नोव्हेंबर १९५६ या तारखेची आपणांस नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही, त्याच दिवशी भोपाळ हे मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर झाले. नवाबी अमदानीतले, तलावांच्या काठचे ते संथ शहर. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली व इंग्लंडच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या सहकार्याने भोपाळात प्रचंड कारखान्याची उभारणी सुरू झाली. ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जलविद्युत् टर्बाइन, जनित्रे, रोहित्रे अशी अवजड यंत्रे तेथे घडावयाची होती. यंत्रसामग्री जहाजाने आणता येते. ती चालविणारा हात कोठून आणावयाचा? म्हणून कारखान्याबरोबर प्रशिक्षणाची शाळाही उभारावी लागली, आणि इंजिनियर इंग्लंडला शिकावयास धाडावे लागले. त्या इंग्रज कंपनीच्या मँचेस्टर येथील कारखान्यात विद्यापीठाच्या पदवीधरांना उमेदवार म्हणून घेण्याची रीत फार जुनी होती. पदवी हातात असलेल्या तरुणाने तेथे एका विभागातून दुसऱ्या विभागात हिंडत कामगारांशेजारी उभे राहून काम करावयाचे, यात कोणालाच कमीपणा वाटत नसे. हा कारखाना १९७४ पासून भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये, म्हणजे 'भेल'मध्ये, समाविष्ट आहे.

आम्हीही भोपाळातच उमेदवारी केली, पण एका लहान कारखान्यात. पदवी घेऊन गेलो होतो. गणित उत्तम, आराखडे स्वच्छ. पहिल्या दिवशी एक पोलादी ठोकळा आणि एक कानस हाती दिली गेली व तो काटकोनात आणण्यास सांगण्यात आले. तीन दिवस आम्ही घासत होतो. उस्ताद येत, गुण्या लावून ठोकळा उजेडापुढे धरीत, फटीतून प्रकाशाची रेघ दिसे, आणि ते एवढेच म्हणत, "फिर से." चौथ्या दिवशी सायंकाळी त्यांनी ठोकळा उजेडापुढे धरला आणि काही न बोलता दुसरा दिला. कोणत्याही परीक्षेच्या निकालाने आम्हांस त्या मौनाइतका आनंद दिलेला नाही.

परंतु आमची खरी परीक्षा पुढे झाली व तीत आम्ही नापास झालो. एका आराखड्यातील दोन मापे एकमेकांशी जुळत नव्हती. आम्हांस ते दिसले होते. पण आपली हिंदी तोडकी, समोरचा माणूस वीस वर्षे जुना. आपण विचारले आणि हसे झाले तर? आम्ही गप्प राहिलो. सहा नग कापले गेले आणि सहाही भंगारात गेले. बोलणी खाल्ली, ती चुकीसाठी नव्हे. दिसत असून बोललो नाही यासाठी. आत्मविश्वास म्हणजे छाती पुढे काढून चालणे, अशी आमची तोवर समजूत होती. भर कामात हात वर करून "थांबा, हे जुळत नाही" असे म्हणता येणे म्हणजे आत्मविश्वास, हे आम्हांस त्या भंगाराच्या ढिगाने शिकविले.

आणि हे केवळ सहा नगांपुरते नसते. भोपाळचे नाव घेतल्यावर १९८४ च्या डिसेंबरातील २ व ३ तारखांमधली ती रात्र कोण विसरेल? युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. त्या दुर्घटनेची कारणे अनेक आहेत. थंड करणारी यंत्रणा बंद होती, सुटलेला वायू जाळणारा मनोरा जोडलेला नव्हता. परंतु त्या विभागातील माणसे निम्म्यावर आणली होती आणि प्रशिक्षणालाही कात्री लागली होती, हेही नंतरच्या वृत्तांतांत नोंदलेले आहे. शिकविण्याचा खर्च वाचविणाऱ्यांना आम्ही हे उदाहरण नेहमी देतो.

आता त्या गृहस्थांकडे वळू. आपल्याच बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान चालविले आणि लोखंडी नांगर घडविला. मुंबईत तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्थेत शिकविलेल्या माणसाला हात काळे करण्यात लाज वाटली नाही. तेव्हा राबणे ही हीनता नव्हे. पण शिकविण्याच्या नावाखाली नुसते राबविणे ही मात्र लबाडी आहे, आणि तीपासून सावध राहण्याचा आपणांस पूर्ण हक्क आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ साली पदवीधर व पदविकाधर इंजिनियर आले. २०१९ च्या नियमांनी पदवी शिकत असतानाच उमेदवारी करणाऱ्याचाही समावेश केला, पदवीच्या उमेदवारास दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरविले, आणि तीस किंवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनांवर अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेण्याचे बंधन घातले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये अभ्यासक्रमातच किमान एक सत्र उमेदवारीचे गुंफण्याची वाट मोकळी केली. इंग्लंडात अशी पदवी-उमेदवारी २०१५ पासून चालू आहे.

म्हणून मुलाला पाठविण्यापूर्वी विचारा: लेखी करार होणार काय व तो नोंदविला जाणार काय? कोणत्या विभागात किती महिने? शिकविणारा माणूस कोण? शिकाऊ म्हणून घेऊन वर्षभर एकाच यंत्रापुढे उभे करणार असतील, तर नम्रपणे परत या. परवानगीशिवाय जादा तास काम करविता येत नाही. इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकाची आहे. मात्र उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन कायद्याने मालकावर घातलेले नाही, हेही आम्ही लपवीत नाही. शहर परके, विद्यावेतनात खोली, खानावळ आणि गावचे भाडे भागवावयाचे. बापाला काही महिने हातभार लावावाच लागेल. कर्ज काढलेल्या घराला हे सोपे नाही, आणि सोपे आहे असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

भाषेची भीती मात्र सोडून द्या. आपल्या मुलांना घरी मराठी, बाजारात कानडी, सिनेमात हिंदी आणि आराखड्यावर इंग्रजी अशी सवय लहानपणापासून असते. तोडक्या हिंदीत विचारलेला प्रश्न गिळलेल्या प्रश्नापेक्षा स्वस्त पडतो. आमचे सहा नग त्याची साक्ष देतील.

कर्नाटकातील आस्थापनांसाठी पदवीधर-उमेदवारीचे प्रादेशिक मंडळ चेन्नईस आहे. कोल्हापूर, पुणे, गोवे किंवा भोपाळ येथील जागांसाठी ते मुंबईस आहे. ज्यांनी कराराचे कागद बरोबर आणले असतील त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. आम्ही येथेच बसतो. ते गृहस्थही, आम्हांस दिसते, अजून गेलेले नाहीत.